परक्या मजकुराची पारख

चाकणच्या औद्योगिक वसाहतींतील एखाद्या मोटारींच्या कारखान्याच्या दारांत सकाळच्या पाळीला उभें राहिलें, तर एक ठराविक क्रम दृष्टीस पडतो. भोसरीहून किंवा पिंपरीहून सुट्या भागांचा टेंपो येतो. पहारेकरी गाडीचा क्रमांक टिपून घेतो, चलन पाहतो, चलनावरील मागणीचा क्रमांक आपल्या यादीशीं ताडून पाहतो आणि मगच फाटक उघडतो. परंतु एवढ्यानें माल जुळणीच्या पट्ट्यावर जात नाहीं. तो आधीं आवक तपासणीच्या टेबलावर जातो. तेथें कांहीं नग निवडून काढतात, भोकाला गेज लावतात, व्हर्निअरनें लांबी मोजतात, ओतकामाला चीर आहे कीं काय हें पाहतात. आणि नमुना मापांत बसला तरच पेटी आंत घेतात. कांहीं मुरलेल्या पुरवठादारांचा माल थेट पट्ट्यावर घेण्याची वहिवाट आहे. पण ती सवलत त्यांच्या स्वतःच्या तपासणीची कसून पडताळणी झाल्यावरच मिळते. ओळख वीस वर्षांची आहे, एवढ्या एका कारणानें गेज बाजूला ठेवावें, असें कोणताही जाणता फोरमन म्हणणार नाहीं.

त्याच कारखान्याच्या कचेरींत संगणकाच्या पडद्यावर एक रिकामी चौकट असते. तींत पुरवठादारानें आपल्या बिलाचा क्रमांक भरावयाचा असतो. अशीच चौकट बँकेच्या पडद्यावर असते, महानगरपालिकेच्या मिळकतकराच्या पानावर असते, शाळेच्या प्रवेश-अर्जावर असते आणि घरोघरच्या मोबाईलवरही असते. या चौकटींतून जें आंत येतें, तें कोणी लिहिलें, कोठून लिहिलें आणि कोणत्या हेतूनें लिहिलें, हें आंतल्या यंत्राला ठाऊक नसतें. लोखंडाच्या नगाला गेज लावणारा हा उद्योगपट्टा या अक्षरांच्या नगालाही गेज लावतो काय, हा आजच्या विषयाचा मुख्य प्रश्न आहे.

हा प्रश्न पिंपरी-चिंचवडला विशेष लागू पडतो. सन १९५४ मध्यें पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा पेनिसिलिनचा कारखाना निघाला, १९६२ मध्यें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि पुढें आकुर्डी, भोसरी, चाकण असा हा पट्टा वाढत गेला. आज या पट्ट्यांत एका बाजूला यंत्रें घडविणारे कारखाने आहेत आणि दुसऱ्या बाजूला तळवडें व हिंजवडी येथें संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या कचेऱ्या आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्यें पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या सर्व्हरांवर खंडणीखोरांचा हल्ला झाला आणि आंतील माहिती कुलूपबंद करून तिच्या सुटकेसाठीं पैसे मागण्यांत आले. संगणकाचे दरोडे दूर परदेशांत पडतात, अशी ज्या कोणाची समजूत होती, तिला त्या दिवशीं धक्का बसला.

संगणकाला चालविणाऱ्या लेखनास मराठींत आज्ञावली असें सार्थ नांव आहे. तींत एकामागून एक आज्ञा लिहिलेल्या असतात. या आज्ञांना काम करण्यासाठीं मजकूर लागतो: कोणाचें नांव, कोणाचा क्रमांक, कोणती तारीख. आज्ञा ही घरच्या माणसानें लिहिलेली असते. मजकूर बाहेरचा मनुष्य देतो. जोंपर्यंत हीं दोन निराळीं राहतात, तोंपर्यंत सर्व ठीक चालतें. तीं एकमेकांत मिसळलीं कीं अनर्थाला वाट मिळते.

एका पतपेढींत एक अत्यंत आज्ञाधारक, परंतु तारतम्याचा लवलेशही नसलेला कारकून आहे अशी कल्पना करावी. व्यवस्थापकानें त्याला एक छापील हुकूम देऊन ठेवला आहे: ‘ज्याचें नांव ——— असेल, त्याचें खातें दाखवावें.’ रिकाम्या जागीं ग्राहकानें आपलें नांव लिहावयाचें, आणि कारकुनानें सबंध ओळ वाचून तिच्याप्रमाणें वागावयाचें. शंभर ग्राहक ‘जोशी’, ‘पवार’, ‘शेख’ असें सरळ लिहितात. एकशेपहिला मनुष्य त्या जागीं लिहितो, ‘जोशी, अथवा दुसरें कांहींही’. आतां ओळ अशी होते: ‘ज्याचें नांव जोशी, अथवा दुसरें कांहींही असेल, त्याचें खातें दाखवावें.’ कारकून उठतो आणि पतपेढींतील यच्चयावत् खातीं त्या मनुष्यापुढें आणून ठेवतो. त्यानें चोरी केली नाहीं, कुलूप फोडलें नाहीं. त्यानें फक्त हुकूम पाळला. पण त्या हुकुमाचा अर्धा भाग परक्यानें लिहिलेला होता.

माहितीच्या कोठारांना प्रश्न विचारण्याची जी भाषा आहे, तिला एस्‌क्यूएल म्हणतात. वरील युक्ति त्या भाषेंत करतां येते. या भाषेंत नांवाच्या दोहों बाजूंना अवतरणचिन्हें असतात. चौकटींत लिहिणाऱ्यानें मध्येंच एक अवतरणचिन्ह टाकलें कीं यंत्राच्या दृष्टीनें नांव तेथें संपतें, आणि पुढची अक्षरें आज्ञा म्हणून वाचलीं जातात. डिसेंबर १९९८ मध्यें ‘फ्रॅक’ नांवाच्या नियतकालिकांत या दोषाचें जाहीर वर्णन प्रसिद्ध झालें. म्हणजे दोष कळला, तो छापून आला, आणि त्यावरील उपायही लौकरच सर्वांना ठाऊक झाले. असें असतां सतरा वर्षांनंतर, ऑक्टोबर २०१५ मध्यें, इंग्लंडांतील टॉकटॉक या दूरध्वनि-कंपनीच्या कांहीं जुन्या पानांवरून याच युक्तीनें १,५६,९५९ ग्राहकांची माहिती चोरीला गेली. त्यांतील १५,६५६ जणांच्या बँकखात्यांचे क्रमांकही गेले. पुढच्या वर्षीं तेथील माहिती-आयुक्तांनीं कंपनीला चार लक्ष पौंड दंड केला. या प्रकरणीं गुन्हा कबूल करणाऱ्यांत अवघ्या सतरा वर्षांचा एक मुलगा होता. तो मुलगा आणि तो दोष जवळजवळ एकाच वयाचे होते!

यावर उतावीळ माणसाला सुचणारा उपाय असा कीं, अवतरणचिन्हालाच बंदी करावी. हा उपाय वरवर सोपा असला तरी अन्यायाचा आहे. वसईच्या किंवा गोव्याच्या डिसूझा कुटुंबाचें आडनांव रोमन लिपींत लिहितांना पहिल्या अक्षरानंतर तेंच चिन्ह येतें. चोराच्या भयानें चिन्हाला बंदी केली, तर डिसूझांना स्वतःचें नांव लिहिण्याची मनाई होते. आणि कागदावर एक नांव व संगणकांत दुसरें, असें झालें कीं त्यांचा पगार अडतो, विमा अडतो, भविष्यनिर्वाह-निधि अडतो. चाकणच्या कारखान्यांत देशाच्या नाना प्रांतांतून माणसें येतात. तामिळनाडूकडील पुष्कळांना आडनांव नसतें; बापाच्या नांवाचें आद्याक्षर हीच त्यांची ओळख असते. ‘आडनांव भरल्याशिवाय पुढें जातां येणार नाहीं’ असें जेव्हां चौकट बजावते, तेव्हां ती चोराला अडवीत नाहीं. घामाचे पैसे मागावयास आलेल्या प्रामाणिक कामगाराला अडविते. पारख करणें आणि हांकलून देणें हीं एक नव्हेत.

खरा उपाय हा कीं, आज्ञा आणि मजकूर यांची गांठच पडूं देऊं नये. वरील पतपेढींत व्यवस्थापकानें कारकुनाला असें सांगावें: ‘हा हुकूम पुरा झाला, यांत आतां एकही अक्षर घालावयाचें नाहीं. ग्राहकाची चिठ्ठी निराळ्या पाकिटांत येईल. पाकिटांत जें कांहीं असेल तें सर्व एक नांव समजावें आणि तेंच्या तें नांव खातेवहींत शोधावें.’ आतां कोणी ‘जोशी, अथवा दुसरें कांहींही’ असें लिहिलें, तर त्या विचित्र नांवाचा खातेदार कारकून शोधतो आणि तो सांपडत नाहीं म्हणून सांगतो. डिसूझांचें चिन्हही जसेंच्या तसें राहतें. आजच्या सर्व प्रमुख कोठार-यंत्रणांत ही आधीं बांधून ठेवलेल्या प्रश्नाची सोय आहे. तिच्यासाठीं निराळा खर्च नाहीं; फक्त लिहिणाऱ्याला ती वापरण्याची शिस्त हवी.

ही शिस्त पाळल्यावरही मजकुराला गेज लावावयाचें राहतेंच; कारण आज्ञा न झालेला मजकूरही चुकीचा असूं शकतो. येथें आपल्या जुन्या सराफांची आठवण होते. हुंडी लिहितांना ते रक्कम एकदां अंकांत लिहीत, एकदां अक्षरांत लिहीत, आणि शिवाय तिची निमी रक्कम देऊन ‘तिची दुप्पट’ असेंही लिहीत. एका ठिकाणीं खाडाखोड केली तर बाकीच्या ठिकाणांशीं मेळ बसत नसे. मजकुराच्या पोटांतच त्याची साक्ष ठेवण्याची ही रीत आजही जिवंत आहे. आधार क्रमांकाचे बारा अंक असतात. त्यांतील शेवटचा अंक आधींच्या अकरा अंकांवरून गणितानें काढलेला असतो. ही पद्धति व्हर्हूफ या डच गणितज्ञानें १९६९ मध्यें मांडली. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर चूक तत्काळ उघडी पडते.

चाकणला बनणाऱ्या प्रत्येक मोटारीच्या सांगाड्यावर सतरा अक्षरांकांचा एक क्रमांक ठोकलेला असतो. त्यांत इंग्रजी आय, ओ आणि क्यू हीं तीन अक्षरें कधींही येत नाहींत. कारण एक आणि शून्य या अंकांशीं त्यांचा घोटाळा होतो. म्हणजे दहा अंक आणि तेवीस अक्षरें अशीं तेहतीस चिन्हें, आणि जागा बरोबर सतरा. या क्रमांकाच्या चौकटीला गेज करावयाचें तर एवढें पुरे: लांबी सतरा आहे काय, आणि प्रत्येक चिन्ह त्या तेहतिसांपैकीं आहे काय? जें यांत बसेल तें घ्यावें, जें बसणार नाहीं तें नम्रपणें परत करावें. वाईट मजकुराची यादी करण्यापेक्षां चांगल्या मजकुराचें माप ठरविणें नेहमीं श्रेयस्कर. कारण वाईटाचे प्रकार अगणित असतात, आणि आजची यादी उद्यां अपुरी पडते. नांवासारख्या मजकुराला असें घट्ट माप लावतां येत नाहीं. तेथें माप सैल ठेवावें आणि आज्ञा-मजकुराच्या विभक्तपणावर भिस्त ठेवावी.

आकाराबरोबर अर्थही पाहावा लागतो. फेब्रुवारीची एकतिसावी तारीख आकारानें निर्दोष, पण अर्थानें खोटी. मागणीच्या चौकटींत कोणी ‘उणे पांच नग’ असें लिहिलें आणि आज्ञावलीनें निमूटपणें गुणाकार केला, तर गिऱ्हाइकानें दुकानाला पैसे देण्याऐवजीं दुकानच गिऱ्हाइकाला पैसे देऊं लागेल. कारखान्यांत तर गोष्ट पैशांपुरती राहत नाहीं. बोल्ट किती जोरानें आवळावा, दाबयंत्रानें किती दाब द्यावा, यंत्रमानवाचा हात कोठवर फिरावा, हे आंकडे आज जाळ्यावरून यंत्राकडे जातात. एक शून्य जास्त पडलें तर तें वहींत राहत नाहीं. तें शेजारीं उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर येऊं शकतें. म्हणून आंकडा कोणीही पाठविलेला असो, सुरक्षित मर्यादेबाहेरचा आंकडा यंत्रानें स्वतःच नाकारला पाहिजे.

चौकट म्हणजे केवळ कळफलकावरून भरावयाची जागा, अशी समजूतही अपुरी आहे. पेटीवरील पट्ट्यांची खूण वाचणारा स्कॅनर हा संगणकाच्या दृष्टीनें एक कळफलकच होय. त्या खुणेंत काय छापलें आहे हें ती छापणारा ठरवितो. पुरवठादारानें धाडलेला नकाशा, उमेदवारानें चढविलेलें छायाचित्र, दुसऱ्या कंपनीच्या संगणकाकडून आलेला निरोप, हे सर्व बाहेरचेच. डिसेंबर २०२१ मध्यें उघडकीस आलेल्या लॉगफोरजे या जगभर वापरल्या जाणाऱ्या साधनाच्या दोषांत तर केवळ रोजनाम्यांत नोंदविण्यासाठीं आलेली ओळच आज्ञेसारखी वाचली जात होती, आणि त्यामुळें असंख्य सर्व्हर एका दिवसांत धोक्यांत आले. रोजनामा लिहिणाऱ्या कारकुनानें, नोंद करतां करतां, ती नोंद सांगेल तसें वागावें, असाच तो प्रकार होता.

तपासणी कोठें करावी, याविषयीं एक चूक वारंवार होते. मोबाईलवर किंवा पानावर चुकीचा क्रमांक भरला कीं लगेच तांबडी सूचना उमटते, आणि तेवढ्यावर आज्ञावली लिहिणारा निश्चिंत होतो. परंतु तें पान ग्राहकाच्या हातीं असतें. ज्याला लबाडी करावयाची आहे, तो तें पान बाजूला सारतो आणि सर्व्हराकडे आपला निरोप थेट पाठवितो. पानावरील तपासणी ही भल्या माणसाची सोय आहे, आणि ती जरूर असावी. पण संरक्षण सर्व्हरावरच्या तपासणीनें होतें. पहारा पाहुण्याच्याच स्वाधीन करून कोणी घर राखलेलें नाहीं.

याच चाकणच्या इतिहासांत या सर्वाचा एक ठसठशीत दाखला आहे. १६६० सालीं शाइस्तेखानानें चाकणच्या किल्ल्याला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळा यानें सुमारें दोन महिने किल्ला झुंजविला. शेवटीं दारावरून नव्हे, तर बुरुजाखालीं सुरुंग घालून खानानें वाट केली. पहारा दाराशीं होता. आघात जेथें कोणी पाहत नव्हतें तेथें झाला. पण इतका सावध खानही पुढें पुण्यांत गाफील राहिला. ५ एप्रिल १६६३ च्या रात्रीं शिवाजी महाराजांनीं लाल महालांत शिरून त्याचीं बोटें तोडलीं. महाराजांचीं माणसें लग्नाच्या वरातीच्या परवान्यावर शहरांत शिरलीं, अशी कथा प्रसिद्ध आहे. त्या कथेंतील चौकीदाराच्या बाजूनें पाहिलें, तर परवाना बरोबर होता, शिक्का बरोबर होता, वेळही बरोबर होती. कागदाची पारख झाली. माणसांची झाली नाहीं.

साडेतीनशें वर्षांनंतर पुण्यालाच याच दोषाची मोठी किंमत मोजावी लागली. १९०६ सालीं स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेंतून ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवशीं ९४ कोटी ४२ लक्ष रुपये लुटले गेले. ११ तारखेला अठ्ठावीस देशांतील एटीएम यंत्रांतून बनावट कार्डांनीं सुमारें ७८ कोटी रुपये निघाले, देशांत अडीच कोटी निघाले. आणि १३ तारखेला सुमारें १३ कोटी ९२ लक्ष रुपये स्विफ्ट यंत्रणेमार्फत हाँगकाँगच्या एका खात्यांत गेले. येथें चौकटींत अवतरणचिन्ह टाकण्याची युक्ति नव्हती. प्रकार त्याहून खोल होता. एटीएम यंत्र पैसे देण्यापूर्वीं बँकेला विचारतें, ‘खात्यांत पैसे आहेत काय? देऊं काय?’ हा प्रश्न बँकेच्या स्विच नांवाच्या संगणकावरून मूळ खातेवहीपर्यंत जावयाचा असतो. दरोडेखोरांनीं मध्येंच एक तोतया स्विच उभा केला. प्रश्न खातेवहीपर्यंत पोंचलाच नाहीं. तोतयानें परस्पर ‘होय, द्या’ असें उत्तर दिलें. उत्तराचा आकार बरोबर होता आणि तें नेहमींच्याच वाटेनें आलें, म्हणून पलीकडच्या यंत्रांनीं त्यावर विश्वास ठेवला. हें पैसे ठेवीदारांच्या खात्यांतून गेले नाहींत. तो बोजा बँकेवर पडला. एप्रिल २०२३ मध्यें पुण्याच्या न्यायालयानें या प्रकरणीं अकरा जणांना दोषी ठरविलें.

या घटनेपासून घ्यावयाचा बोध हा कीं, ‘आंतला’ आणि ‘बाहेरचा’ हा भेद भिंतीवरून ठरत नाहीं. एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जो निरोप येतो, तो घरच्याच दालनांतून आला असला तरी त्याची ओळख पटवावी लागते. त्यावर खोडतां न येणारी खूण असावी लागते. आणि दिलेले होकार व खातेवहींतील नोंदी यांचा मेळ एखाद्या तिसऱ्या, स्वतंत्र तपासनिसानें वेळोवेळीं घालावा लागतो. पट्ट्यावर थेट माल देणाऱ्या पुरवठादाराचीही मधून मधून तपासणी होते, ती याच कारणासाठीं.

हें काम कोणाचें? पुष्कळ घरांतील मुलगा, मुलगी किंवा सून हिंजवडीला अथवा तळवड्याला आज्ञावली लिहिण्याच्या कामाला जाते. ठरल्या तारखेला काम पुरें झालेंच पाहिजे, असा तगादा त्यांच्या पाठीशीं असतो. आणि तपासणीच्या ओळी गिऱ्हाइकाला दिसत नसल्यामुळें घाईंत पहिल्या त्याच गळतात. ज्या कारखान्यांत आवक तपासणीचें टेबल काढून टाकण्याचा विचारही कोणी करणार नाहीं, तेथील व्यवस्थापकानें हें टेबल आज्ञावलींतही मागून घ्यावें आणि त्यासाठीं लागणारे दिवस द्यावे. कायदाही आतां याच दिशेनें झुकला आहे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशाप्रमाणें ठराविक प्रकारचे सायबर हल्ले कळल्यापासून सहा तासांत कळविणें आवश्यक ठरलें. आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमांत, माहितीच्या रक्षणासाठीं वाजवी उपाय न योजणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

परंतु दंडाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. प्रत्येक गृहनिर्माण संस्था, पतपेढी, शिकवणी-वर्ग आणि छोटा कारखाना आज कोणाकडून तरी आपली आज्ञावली करवून घेतो. तिचा चिटणीस किंवा मालक संगणकशास्त्र शिकलेला नसला तरी तीन प्रश्न विचारूं शकतो. बाहेरून आलेला मजकूर आज्ञेच्या ओळींत मिसळतो, कीं निराळ्या पाकिटांतून जातो? तपासणी केवळ पडद्यावर होते, कीं सर्व्हरावरही होते? आणि डिसूझांचें नांव, तसेंच आडनांव नसलेल्या कामगाराचें नांव, ही चौकट मुकाट्यानें घेते काय? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक असलीं तर चोराची वाट बंद होईल. तिसऱ्याचें असलें तर सज्जनाची वाट उघडी राहील. आज्ञावली करून देणाऱ्याजवळ या तिहींचीं उत्तरें तयार नसतील, तर तीं मिळेपर्यंत बिल थांबविण्यास हरकत नाहीं. मापांत न बसलेल्या मालाचें बिल चाकणलाही कोणी चुकतें करीत नाहीं.